पाला पेटवायचा नाही: खोडव्यात जिरवावा कसा, कारखान्याला द्यावा किती

बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीपासून अथणी-कागवाडपर्यंत गळीत हंगामात ऊस तुटून गेला की दोन-चार दिवसांत रानात जाळ दिसतो. ज्या पिकाच्या बगॅसवर (रस काढून उरलेल्या चिपाडावर) कारखाना वीज तयार करतो आणि ज्याच्या मोलॅसिसचं (साखर काढून उरलेल्या मळीचं) इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, त्याच पिकाचा पाला अर्ध्या तासात राख होतो. उसापासूनची हरित ऊर्जा म्हटलं की सगळे कारखान्याच्या चिमणीकडे बघतात. शेतकऱ्याच्या हातातला वाटा मात्र सरीत पडलेला असतो, आणि तो सांभाळायला लागतात दोन-तीन दिवस, थोडा युरिया, थोडं सुपर फॉस्फेट आणि ऊसतोड टोळीशी आधी केलेलं नीट बोलणं. कुणी पाचट म्हणतं, कुणी पाला, शेजारचा कन्नड बोलणारा शेतकरी रवदी म्हणतो. वस्तू एकच, आणि पुढची रीतही सगळ्यांना सारखीच लागू पडते.

जाळल्यावर नेमकं काय जातं

आधी आपल्या रानात पाला किती आहे ते मोजा. अंदाजावर जाऊ नका. ऊस तुटल्यावर पाला सारखा पसरलेला असेल अशा ठिकाणी दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखा. त्यातला वाळलेला पाला गोळा करून जुन्या साडीत किंवा पोत्यात बांधा आणि ताणकाट्याला लावा. जितके किलो भरतील त्याला 436 ने गुणा, एकरी किलो मिळतील. असे तीन चौकोन घेऊन सरासरी काढा. आठ किलो भरला तर एकरी सुमारे साडेतीन टन. चांगल्या फडात तीन ते चार टन सहज निघतो.

साडेतीन टन पाल्यात साधारण 14 किलो नत्र आणि 25 ते 35 किलो पालाश असतं. पेटवला की नत्र जवळपास सगळं हवेत जातं आणि गंधकाचाही मोठा भाग जातो. पालाश राखेत राहतं खरं, पण ती राख वाऱ्याने बांधावर आणि पहिल्या पाण्याने पाटात जाते. पाल्यातल्या कार्बनचा कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) होतो. तो पिकाने हवेतूनच घेतलेला असल्याने हवामानाच्या हिशेबात धरत नाहीत. धरतात ते अर्धवट जळण्यातून निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. आयपीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचे शेतीतल्या अवशेषांसाठीचे ठरावीक गुणक लावले, तर साडेतीन टन पाल्याच्या जाळातून सुमारे साडेसात किलो मिथेन आणि 200 ग्रॅम नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. तापमानवाढीच्या मापाने हे 265 किलो कर्बवायूइतकं होतं, म्हणजे एका एकरात जवळजवळ शंभर लिटर डिझेल जाळल्यासारखं. शिवाय अडीचशे किलोंवर कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी निघते. ती गावातच फिरते, लहान मुलांच्या आणि दमेकऱ्यांच्या छातीत जाते.

तोडणीच्या आधी ठरवायच्या गोष्टी

पाला ठेवायचा हा निर्णय लागणीलाच घ्यावा लागतो. तीन फुटी सरीत पाला मावत नाही, बुडख्यांवर (तुटलेल्या उसाच्या खुंटांवर) चढतो आणि कोंब गुदमरतात. चार ते पाच फुटी सरी असेल तर प्रत्येक सरीत पाला बसतो. रान आधीच तीन फुटी असेल तर एक सरी पाल्याची आणि एक सरी पाण्याची, अशी आड सरी धरा. एका सरीत दोन सऱ्यांचा पाला आला की थर जाड होतो. तो पायाने तुडवून दाबावा लागतो.

दुसरी गोष्ट टोळीची. टोळीला पैसे टनावर मिळतात. पेटवलेला फड लवकर तुटतो, पानाची धार हाताला लागत नाही आणि सापाची भीती कमी होते, म्हणून टोळ्या उभा ऊस पेटवायचा आग्रह धरतात. त्यांची अडचण खरी आहे, ती नाकारून काम होत नाही. मुकादमाशी फडात कोयता पडायच्या आधी बोला: ऊस पेटवायचा नाही, बुडाला जमिनीलगत तोडायचा, पाला ढिगाने न लावता जागेवर सोडायचा, वाढं (उसाचा हिरवा शेंडा) बांधाला घ्यायचं. जादा खुशाली द्यायचीच असेल तर या अटींवर आणि तोडणी पूर्ण झाल्यावर द्या. वाढं टोळीच्या बैलांना लागतं, ते मोकळ्या मनाने द्या.

जमिनीलगत तोडण्याने तुमचाच पैसा वाचतो. एकरात 40,000 ऊस धरा. प्रत्येकाच्या बुडाला दोन इंच राहिलं आणि त्या तुकड्याचं वजन 25 ग्रॅम धरलं, तरी एक टन ऊस रानातच राहतो. तोही सगळ्यात गोड भाग, कारण साखर बुडाकडच्या कांड्यांत जास्त असते. वर राहिलेल्या खुंटाच्या डोळ्यांतून फुटलेले कोंब वरच्यावर मुळं धरतात आणि वाऱ्यापावसात लोळतात.

तारखेचं भान ठेवा. खोडवा (तुटलेल्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक) धरायचा असेल तर ऊस 15 फेब्रुवारीपर्यंत तुटलेला बरा. त्यानंतर फुटणाऱ्या कोंबांवर खोडकिडीचा मारा वाढतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात फुटवे कमी येतात. मार्चअखेरीस तुटलेल्या रानातही पाला जाळू नका, पण तिथून खोडव्याचं लागणीइतकं उत्पन्न येईल अशी आशा ठेवू नका.

पहिले तीन दिवस

गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी रानात उतरा. बुडख्यांवर पडलेला पाला काठीने किंवा दाताळ्याने ओढून सरीत सारा, बुडख्यावर ऊन पडलं पाहिजे. पाला कुट्टी यंत्र मिळत असेल तर बारीक झालेला पाला निम्म्या काळात कुजतो, पण यंत्राला 45 ते 50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हवा आणि रान कोरडं हवं. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर चाकोरीतले बुडखे दबतात आणि तिथे पुढे वर्षभर नांग्या (पिकातल्या रिकाम्या जागा) दिसतात. ठिबक असेल तर यंत्र घालण्याआधी लॅटरल गुंडाळून बांधाला ठेवा आणि पाला बसल्यावर वरून अंथरा. पाल्याखाली राहिलेली नळी उंदीर कुरतडतात, आणि गळती कुठे आहे ते तुम्हाला आठ-आठ दिवस कळत नाही.

मग बुडखे छाटा. कोयता धारदार पाहिजे. बोथट कोयत्याने बुडखा चिरतो आणि त्या चिरेतून बुरशी आत जाते. छाट जमिनीच्या पातळीला, सपाट, एका घावात. छाटून झालं की 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून बुडख्यांवर फवारा, छाटलेला भाग भिजला पाहिजे.

आता पाल्यावरचं काम. एक टन पाल्याला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत, हे प्रमाण पक्कं लक्षात ठेवा. साडेतीन टनाला 28 किलो युरिया, 35 किलो सुपर आणि साडेतीन किलो जिवाणू खत लागतं. आधी युरिया आणि सुपर सरीतल्या पाल्यावर सारखं विस्कटा. जिवाणू खत चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून वेगळ्या फेरीत टाका. युरिया आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवू नका, युरियाच्या तीव्र संपर्काने जिवाणू मरतात आणि पैसे फुकट जातात. लगेच, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, पाणी द्या. कोरड्या पाल्यावर उन्हात पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. वास नाकाला जाणवतो, आणि तो वास म्हणजे पोत्यातला पैसा हवेत चालल्याची खूण.

इथे बरेच जण विचारतात, पाल्यातच नत्र असताना वरून युरिया कशाला? पाला कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं अंग वाढवायला नत्र लागतं. पाल्यात कार्बनच्या मानाने नत्र फारच कमी असतं, म्हणून ते जमिनीतलं नत्र ओढून घेतात. युरिया न टाकता पाला ठेवला, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खोडवा पिवळा पडतो आणि शेतकरी म्हणतो, पाल्याने पीक बसलं. पाल्याचा दोष नसतो, भूक दोघांना एकदम लागलेली असते. पिवळेपणा दिसलाच तर घाबरून दोन पोती युरिया फेकू नका, पुढे सांगितलेली पहारीची मात्रा दिली नसेल तर ती आधी द्या.

पहिलं पाणी

पाला ठेवून पहिल्याच वर्षी कंटाळणारे बहुतेक शेतकरी इथेच अडकतात. पाटातून पाणी सोडलं की सुका पाला तरंगतो, पुढे वाहतो, सरीच्या मध्ये बांध तयार होतो आणि पाणी शेजारच्या सरीत फुटतं. थ्री फेजचे तास मोजके, त्यात रात्रीची पाळी, माणूस वैतागतोच. उपाय असे: पहिल्या पाण्याला एकावेळी दोनच सऱ्या उघडा आणि धार कमी ठेवा. सरीच्या तोंडाला दोन-तीन फूट पाला मागे ओढून मोकळी जागा ठेवा. सरी लांब असेल तर दर शंभर फुटांवर हातभर पाल्यावर मातीचं ढेकूळ ठेवून तो दाबा. दुसऱ्या पाण्यापर्यंत पाला भिजून बसतो, तिसऱ्या पाण्याला त्रास संपतो.

त्यानंतर पाणी तारखेवर देऊ नका. पाला बाजूला सारा, वीतभर खालची माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा झाला आणि फुटला नाही तर पाणी नको. काळ्या रानात उघड्या सरीला उन्हाळ्यात दहा दिवसांनी पाणी लागत असेल, तर पाल्याखाली पंधरा दिवसही ओल टिकते. वाचलेली प्रत्येक पाळी म्हणजे मोटारीचे तेवढे तास, हिडकल धरणातलं किंवा नदीतलं तेवढं पाणी आणि विजेची तेवढी युनिटं. मसारी आणि मुरमाड रानात फरक इतका मोठा नसतो, पण पाल्याची गरज तिथेच जास्त असते, कारण त्या जमिनीत सेंद्रिय कार्बन मुळातच कमी.

महिन्याभराने पाला उचलून बघा. खालचा थर तपकिरी, हाताने चुरगळणारा, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी गुंतलेला आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येणारा असेल, तर सगळं नीट चाललंय. काळा, चिकट आणि कुबट वासाचा असेल तर पाणी जास्त झालंय. हवा न मिळता पाला सडतो तेव्हा मिथेन तयार होतो, आणि युरिया टाकलेल्या चिंब रानातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. म्हणजे जाळ न लावताही आपण तेच वायू सोडायला लागतो. पाणी तोडा, चर मोकळे करा.

खत पहारीने

पाल्यावर खत फेकलं तर ते पाल्यातच अडकतं. म्हणून पहार. वाफशावर, बुडख्यापासून चार ते सहा इंचांवर, सहा ते आठ इंच खोल छिद्र घ्या. दोन छिद्रांत एक फूट अंतर ठेवा. एका माणसाने पहार मारायची, दुसऱ्याने खत सोडून पायाने छिद्र बुजवायचं. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची खोडव्याची शिफारस हेक्टरी 250 किलो नत्र, 115 स्फुरद आणि 115 पालाश अशी आहे. ती दोन सारख्या हप्त्यांत द्यायची, पहिला हप्ता तुटल्यापासून 15 दिवसांच्या आत बुडख्याच्या एका बाजूला, दुसरा 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला. एकरी एका हप्त्याला हे 109 किलो युरिया, 144 किलो सुपर आणि 38 किलो म्युरेट ऑफ पोटॅश होतं. आपल्या भागासाठी संकेश्वरच्या कृषी संशोधन केंद्राचा सल्ला आणि माती परीक्षणाचा कागद जवळ ठेवा. पाला दोन-तीन वर्षं सलग ठेवलेल्या रानात पालाशाची मात्रा परीक्षणानुसार खाली आणता येते.

युरियाचं एक जादा पोतं टाकायच्या आधी एवढं लक्षात घ्या. 45 किलोच्या पोत्यात 20.7 किलो नत्र. टाकलेल्या नत्रातला सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात सुटतो असा सर्वमान्य अंदाज आहे. तो वायू कर्बवायूच्या 273 पट तापवणारा, म्हणून एका पोत्याचा भार 90 किलो कर्बवायूइतका होतो. खत कारखान्यात जळालेला गॅस त्यात धरलेला नाही. उसापासून हरित इंधन मिळतं हे खरं ठरायचं असेल, तर त्याच्या बुडाला खत मोजून पडलं पाहिजे.

नांग्या दोन फुटांपेक्षा मोठ्या असतील तिथेच भरा, आणि ट्रेमधली एक डोळा रोपं वापरा. नुसती कांडी पुरली तर बाजूचा खोडवा पुढे निघून जातो आणि तिला ऊन मिळत नाही. बगला फोडणं, आंतरमशागत, भांगलण यांतलं बहुतेक काम या पद्धतीत वाचतं, पाल्याखाली तण उगवत नाही. हरळी आणि लव्हाळा मात्र पाल्यातूनही वर येतात, ते हाताने काढा.

काय बिघडतं

हुमणीची तक्रार खूप येते. भुंगेरे मे-जूनच्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी बाहेर पडतात, बांधावरच्या बाभळी आणि कडुनिंबावर बसतात. त्याच वेळी झाडं हलवून भुंगेरे गोळा करणं आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणं हा अजूनही सगळ्यात स्वस्त उपाय आहे, पण तो साऱ्या शिवाराने मिळून केला तरच उपयोगी. पाल्याखालच्या ओलाव्यात मेटारायझियम ही मित्रबुरशी चांगली वाढते, ती शेणखतातून द्या. ज्या रानात मागच्या वर्षी हुमणीने पट्टेच्या पट्टे वाळवले, तिथे खोडवा धरूच नका. पाला कुजवून नांगरा आणि सोयाबीन किंवा हरभऱ्यासारखं पीक घेऊन मग लागण करा.

आग ही दुसरी भीती, आणि रास्त भीती. पाला ठेवलेल्या रानाला शेजारच्या जाळाची ठिणगी पुरते. बांधालगत सगळ्या बाजूंनी दहा फुटांचा पट्टा पाल्याशिवाय ठेवा. शेजारी पेटवणार असल्याचं कळलं तर कडेच्या दोन सऱ्या आधीच भिजवून घ्या. लोंबकळणाऱ्या तारांखाली पाला अजिबात ठेवू नका आणि तारा ताणून घेण्यासाठी हेस्कॉम या वीज कंपनीला लेखी अर्ज द्या, त्याची पोच जपून ठेवा. नुकसानभरपाईची वेळ आली तर तोच कागद लागतो.

कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा आणि हिरण्यकेशीच्या पुराच्या पट्ट्यातलं गणित वेगळं. 2019 आणि 2021 च्या पुरात जी रानं आठवडाभर पाण्याखाली होती, तिथे पाला जुलैआधी कुजलेला हवा, नाहीतर तरंगून एका कोपऱ्यात साचतो आणि खालचा ऊस कुजवतो. अशा रानात पाल्याची कुट्टीच करा आणि ती जानेवारीत करा. उशिरा तुटलेल्या पूरपट्ट्यातल्या रानातून पाला बाहेर काढणंच शहाणपणाचं. अथणी-रायबागकडच्या क्षारपड जमिनीत पाल्याने बाष्पीभवन कमी होऊन वर येणारे क्षार आवरतात, पण आधी निचऱ्याचा चर पाहिजे.

कारखान्याला पाला द्यावा का

आता गावोगावी गाठी बांधणारी यंत्रं फिरू लागली आहेत. वाळलेल्या पाल्याची उष्णता ओल्या बगॅसपेक्षा किलोमागे जास्त असते, कारण बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं. तरी बॉयलरवाले पाला एकटा जाळत नाहीत. पाल्यातलं पालाश आणि क्लोरीन राखेला वितळवतात, नळ्यांवर खडे धरतात, आणि सोबत आलेली माती नळ्या घासते. म्हणून तो बगॅसमध्ये थोडा-थोडा मिसळतात. गाठी देणार असाल तर मातीविरहित आणि कडकडीत वाळलेला पाला द्या. पाऊस लागलेली गाठ आतून तापते आणि कुजते.

आमचं मत स्पष्ट आहे: हलक्या, मसारी, मुरमाड रानातला पाला एक काडीही बाहेर जाऊ नये. भारी काळ्या रानातून निम्म्यापर्यंत द्यायला हरकत नाही. निडवा (खोडव्यानंतरचं पुढचं पीक) मोडून रान नांगरायचं असेल तर जास्त दिला तरी चालेल. भाव ठरवताना हिशेब असा करा: एक टन पाल्याबरोबर 4 ते 5 किलो नत्र आणि 7 ते 10 किलो पालाश जातं. तेवढं पालाश परत आणायला 12 ते 17 किलो म्युरेट लागतं. त्या दिवशीच्या दुकानातल्या भावाने ही किंमत काढा, वर एका पाण्याच्या पाळीचा आणि एका भांगलणीचा खर्च धरा. ठेकेदार याहून कमी देत असेल तर पाला सरीतच बरा.

कारखान्यात खरी ऊर्जा तुमच्या उसातूनच जाते. एक टन ऊस गाळला की 280 ते 300 किलो बगॅस, 35 ते 40 किलो प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणि सुमारे 45 किलो मोलॅसिस निघतं. 67 ते 110 किलो दाबाच्या बॉयलरवर चालणारा चांगला सहवीज प्रकल्प स्वतःची गरज भागवून टनामागे साधारण 80 युनिट वीज बाहेर देऊ शकतो. एकरी 40 टन धरले तर 3,200 युनिट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कर्बवायू पडतो, म्हणजे एका एकराने सव्वादोन टनांच्या आसपास कर्बवायू टाळला. वेळही जुळते. पावसाळ्यात राज्यातली जलविद्युत आणि पवनचक्क्या जोरात असतात. कारखाने पेटतात ते पावसाळा सरल्यावर, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी धरणं खाली जात असताना त्यांची वीज ग्रिडला मिळते.

त्याच 40 टनांच्या मोलॅसिसपासून 400 लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. साखर न करता सगळा रस इथेनॉलला दिला, तर टनाला 70 लिटरप्रमाणे 2,800 लिटर. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते 2025 मध्येच गाठलं गेलं, आणि त्यात आता मक्यासारख्या धान्याचाही मोठा वाटा आहे. पण उसाला वर्षाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं हेही तितकंच खरं. ठिबक आणि पाला यांच्याशिवाय पिकवलेल्या उसाचं इथेनॉल हिरवं म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

तुमच्याकडून एवढंच बघा: तोडल्यापासून 24 तासांत ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडावा, मोळीत पाला, वाढं, मुळं आणि माती जाऊ नये. माती बगॅसमध्ये जाते, बॉयलरची उष्णता खाते आणि वीज कमी होते. शिळ्या उसातली साखर मोडते, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) पडतो. 2025-26 हंगामाची एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला किमान ऊसदर) 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे आणि त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढतात, म्हणजे स्वच्छ, ताजा ऊस सगळ्यांच्याच पावतीवर दिसतो. अपघाताने फड पेटलाच तर त्याच तासाला कारखान्याच्या फिल्डमनला फोन करा, पेटलेला ऊस आधी तोडून घ्या, उभा वाळू देऊ नका.

प्रेसमड मिळत असेल तर कुजलेलाच घ्या. ताजा प्रेसमड ढिगात तापतो आणि कोवळी मुळं जाळतो. ढीग ओला ठेवून, दोनदा पालटून, महिना-सव्वा महिना कुजवा आणि मग एकरी 2 ते 4 टन सरीत द्या. काही ठिकाणी प्रेसमडपासून बायोगॅस काढून तो शुद्ध करून गाडीचं इंधन बनवतात. सुमारे 25 टनांपासून एक टन गॅस मिळतो. गॅस काढल्यावर उरलेली रबडी खत म्हणून चांगली असते, ती मागून घ्या.

कार्बन क्रेडिटचे एजंटही गावात येऊ लागलेत. देशाची कार्बन क्रेडिट व्यापार योजना 2023 मध्ये अधिसूचित झाली आहे, विषय खोटा नाही. पण आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. करारात मुदत किती वर्षांची, मोजणीचा खर्च कुणाचा, मधेच खोडवा मोडला तर काय, हे कानडीत असेल तर मराठीत वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका. पाल्यातला बहुतेक कार्बन कुजताना परत हवेतच जातो, जमिनीत थोडाच टिकतो. एकरी भरमसाट क्रेडिट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

स्वतः मोजायचं असेल तर सोपी वाट आहे. पहिल्याच वर्षी रानाच्या मध्यावर पाच गुंठ्यांची पट्टी पाल्याशिवाय ठेवा, बाकी सगळं सारखंच करा. दोन्हीकडच्या पाण्याच्या पाळ्या, खताची पोती आणि तुटल्यावरचं वजन वहीत लिहा. दर दोन वर्षांनी तोडणीनंतर, खत पडण्याआधी, माती तपासा: पाला बाजूला सारा, नऊ इंच खोल व्हीच्या आकाराचा खड्डा घ्या, कडेची दोन बोटं जाड माती वरपासून खालपर्यंत काढा. एकरात आठ-दहा जागांची माती एकत्र करून सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. पट्टीची पिशवी वेगळी, तिच्यावर चिठ्ठी वेगळी. प्रयोगशाळेला सेंद्रिय कार्बन तपासायला आवर्जून सांगा, आणि पुढच्या खेपेला त्याच जागांवरून माती घ्या.